रेतीचा झारा
सदर : हाताला काम

मुलांनो, दिवाळीत घरी बुंदी पाडताना पाहिली आहे ना? कढईवर झारा धरायचा, त्यावर बेसनाचं पातळ पीठ ओतायचं आणि झारा हलकेच आपटायचा. झाऱ्याची भोकं मोठी असली की बुंदी टपोरी पडते. बारीक असली की मोतीचुराच्या लाडवाची कळी पडते. पीठ तेच, तेल तेच, पाडणारा हातही तोच. पण बुंदी केवढी पडणार, हे भोकानं आधीच ठरवून टाकलेलं असतं.

आज आपण झाराच करायचा आहे. मात्र बुंदीचा नाही, रेतीचा!

समुद्रकिनाऱ्यावर कानाला हेडफोन लावून, लांब दांड्याची थाळी रेतीवरून फिरवत चाललेली माणसं तुम्ही एखाद्या चित्रफितीत पाहिली असतील. ती थाळी म्हणजे मेटल डिटेक्टर. थाळीच्या आत तारेचं वेटोळं असतं. त्यातून सतत बदलणारी वीज सोडली की थाळीखाली बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. खाली धातूचा तुकडा असेल तर त्याच्यात छोटे छोटे विद्युतप्रवाह फिरू लागतात. यंत्राला त्यांची चाहूल लागते आणि कानात 'टूंऽऽ' असा आवाज येतो. टेलिफोनचा शोध लावणारे अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी १८८१ साली असंच एक यंत्र तयार केलं होतं. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांना गोळी लागली होती आणि ती शरीरात नेमकी कुठे आहे, ते डॉक्टरांना कळत नव्हतं. बेलसाहेबांच्या यंत्रालाही ती सापडली नाही. गारफिल्ड ज्या पलंगावर होते, त्याच्या गादीतल्या धातूच्या तारांनी यंत्राला चकवलं, असं पुढे सांगण्यात आलं.

यंत्र फक्त एवढंच सांगतं, 'इथे काहीतरी आहे.' ते काहीतरी रेतीतून वर काढायचं कसं? हातानं उकरलं की बाजूची रेती घसरून पुन्हा खड्ड्यात येते. म्हणून या लोकांच्या दुसऱ्या हातात भोकाभोकांचा धातूचा झारा असतो. खुपसायचा, उचलायचा, हलवायचा. रेती गळून जाते आणि वस्तू झाऱ्यात राहते.

आता आमचे खापरखेड्याचे वाचक म्हणतील, "पण आमच्याकडे समुद्र कुठे आहे?" बरोबर आहे. खापरखेडा नागपूर जिल्ह्यात. तिथून मुंबईचा समुद्र आठशे किलोमीटरांहून लांब. पण रेतीला काय तोटा? गावाजवळून कन्हान नदी वाहते. (विदर्भात वाळूला रेतीच म्हणतात, म्हणून आज आपणही रेतीच म्हणू या.) आणि चाळण्यांचं म्हणाल, तर अख्ख्या गावाची ओळखच कोळसा चाळणाऱ्या, दळणाऱ्या कामाशी जोडलेली आहे.

खापरखेड्याच्या औष्णिक वीज केंद्राचा २१० मेगावॅटचा पहिला संच १९८९ साली सुरू झाला. पुढे तसेच आणखी तीन संच आले आणि नंतर ५०० मेगावॅटचा एक मोठा संच उभा राहिला. अशा केंद्रांत कोळसा पट्ट्यावरून येतो. खाणीतून येताना त्याच्याबरोबर खिळे, बोल्ट, यंत्रांचे तुटके दात असलं काय काय आलेलं असतं. ते दळणयंत्रात गेलं तर यंत्रच मोडायचं! म्हणून पट्ट्याच्या वर मोठाले चुंबक टांगलेले असतात. ते लोखंड उचलून घेतात. काही जातींचं पोलाद मात्र चुंबकाला चिकटत नाही. त्याच्यासाठी पट्ट्याला मेटल डिटेक्टर बसवलेला असतो. तो वाजला की पट्टा थांबतो. मग कोळसा फोडतात, चाळतात आणि शेवटी पिठासारखा दळतात. किती बारीक? साधारणपणे १०० किलोंतली ७० किलो भुकटी ज्या चाळणीतून खाली पडायला हवी, तिचं भोक अवघं ०.०७५ मिलिमीटर असतं. पाहिलंत? तिथेही भोकच ठरवतं!

चला, कामाला लागू या.

साहित्य

तोंड उघडलेला, साधारण १० सेंटिमीटर व्यासाचा आणि १५ सेंटिमीटर उंचीचा पत्र्याचा डबा. चार इंची खिळा, हातोडी, गोल कानस. साधा कागद, पेन्सिल, चिकटपट्टी. ९ सेंटिमीटर व्यासाची, २ सेंटिमीटर जाडीची लाकडी चकती. मनगटाएवढा नाही, पण अंगठ्याहून चांगला जाड असा फूटभर लांबीचा दांडा. जुन्या कुदळीचा तुटका दांडाही चालेल. दोन इंची दोन स्क्रू. एक जुनं पोतं. हातमोजे. आणि घरातलं एक मोठं माणूस! हे शेवटचं साहित्य विसरायचं नाही.

कृती

१. डब्यात पाणी भरा. वर तीन बोटं जागा रिकामी ठेवा, कारण पाण्याचा बर्फ होताना तो फुगतो. रात्रभर डबा फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवा. हे कशासाठी? रिकाम्या डब्यावर खिळा ठोकला तर भोक पडण्याआधी डबा चेपतो. आत बर्फ असला की पत्र्याला पाठीमागून आधार मिळतो.

२. तोवर कागदावर भोकांच्या खुणा करा. डब्याचा घेर १० गुणिले ३.१४, म्हणजे सुमारे ३१ सेंटिमीटर. भोकं सगळीकडे पाडायची नाहीत. रेती ज्या बाजूवर पडून राहणार, त्या पोटाच्या अर्ध्या बाजूलाच पाडायची. तळाकडचे २ सेंटिमीटर आणि तोंडाकडचे ३ सेंटिमीटर कोरे सोडा. पहिल्या ओळीत एकेक सेंटिमीटरवर १५ ठिपके काढा. दुसरी ओळ ९ मिलिमीटर खाली घ्या आणि तिचे ठिपके पहिल्या ओळीतल्या दोन ठिपक्यांच्या मधोमध येऊ द्या. म्हणजे या ओळीत १४ ठिपके बसतील. अशा १२ ओळी काढा. मधमाश्यांच्या पोळ्यासारखी नक्षी दिसू लागेल.

ही नक्षी शोभेसाठी नाही बरं का! चार इंची खिळ्यानं सुमारे ५ मिलिमीटरचं भोक पडतं. चौकोनी जाळीत ठिपके एकेक सेंटिमीटरवर ठेवले, तर पत्र्याच्या १०० भागांपैकी जेमतेम २० भाग उघडे होतात. पोळ्याच्या नक्षीत जवळजवळ २३ होतात. भोकाभोकातलं अंतर तेवढंच राहतं, पत्राही तेवढाच मजबूत राहतो आणि रेती मात्र लवकर गळते. मधमाश्यांचं गणित पक्कं आहे!

३. कागद डब्याला चिकटवा. डबा पोत्यावर आडवा ठेवा. हातमोजे घाला आणि ठिपक्या-ठिपक्यावर खिळा ठोका. भोकं होणार पावणेदोनशेच्या आसपास. नागपूरकडचं ऊन तुम्हाला ठाऊकच आहे, त्यामुळे बर्फ वितळायला लागला की थांबा. भोकं झालेल्या भागावर बाहेरून चिकटपट्टी लावून पाणी पुन्हा भरा, गोठवा आणि उरलेलं काम दुसऱ्या दिवशी करा.

४. बर्फ काढून डबा कोरडा करा. प्रत्येक भोकाच्या आतल्या बाजूला पत्र्याची धारदार कड उभी राहिली असेल. ती गोल कानशीनं घासून टाका. हे कंटाळवाणं काम आहे, पण बोटं कापायची नसतील तर टाळू नका.

५. आता तोंड तिरकं कापायचं. भोकांची बाजू १५ सेंटिमीटर लांब ठेवायची आणि समोरची बाजू ९ सेंटिमीटर. हे काम मुलांनी करायचं नाही. पत्र्याचं काम करणाऱ्या कारागिराकडे जा, किंवा घरातल्या मोठ्या माणसाला पत्रा कापायच्या कात्रीनं कापू द्या. कापलेली कड अर्धा सेंटिमीटर दुमडून हातोडीनं चपटी करून घ्या.

६. लाकडी चकती डब्याच्या आत तळाला बसवा. दांडा बाहेरून तळाला टेकवा. आतून दोन स्क्रू चकतीतून आणि पत्र्यातून थेट दांड्यात पिळा. आधी बारीक भोक पाडून घेतलं तर लाकूड तडकत नाही. स्क्रू दोनच का? एकच लावला तर झारा दांड्याभोवती गरगर फिरेल, म्हणून.

झाला झारा! काम झाल्यावर दर वेळी पुसून तेलाचा हात लावत जा. डब्याच्या पत्र्यावर कथिलाचा पातळ मुलामा असतो. भोकं पाडली की तिथे आतलं लोखंड उघडं पडतं आणि गंज तिथूनच सुरू होतो.

आधी घरात परीक्षा

रेतीत जाण्याआधी ताटात मूठभर काबुली चणे, मूग आणि मोहरी मिसळा. ते झाऱ्यात घालून हलवा. मोहरी लगेच पडेल, मूग पाठोपाठ पडतील आणि चणे राहतील. एक रुपयाचं नाणं टाका. भोकाहून कितीतरी मोठं ते, कुठे जाणार?

आता एक इंची बारीक खिळा टाका आणि झारा जोरजोरात हलवा. खिळा आडवा असेपर्यंत झाऱ्यात राहील. पण एकदा का तो उभा झाला, की सटकन खाली! खिळा भोकापेक्षा पाचपट लांब आहे, तरी गेला. कारण भोक लांबी बघत नाही. ते बघतं फक्त जाडी.

हे लक्षात ठेवा. आता आपल्याला हेच लागणार आहे.

झारा वापरायचा कुठे?

नदीवर? नाही! उपसा झालेल्या नदीत रेतीचे खोल खड्डे असतात आणि वरून पाणी सारखंच दिसतं. घोट्याएवढ्या पाण्यातून पुढचं पाऊल थेट डोक्यावर पाणी जाईल इतकं खोल पडू शकतं. पोहता येणारी मुलंसुद्धा अशा खड्ड्यांत बुडतात. झारा घेऊन कन्हानच्या पात्रात एकट्यानं किंवा नुसत्या मित्रांबरोबर उतरायचं नाही, म्हणजे नाही.

मग कुठे? तुमच्या शाळेतल्या लांब उडीच्या खड्ड्यात!

विचार करा. धावत यायचं, फळीवर पाय मारायचा आणि सगळं वजन घेऊन रेतीत पडायचं, तेही पुष्कळदा अनवाणी. त्या रेतीत एक गंजका खिळा उभा असला तर? खड्ड्यात काय काय येऊन पडतं पाहा: संमेलनाच्या मांडवाचे खिळे, तारेचे तुकडे, बाटल्यांची झाकणं, काचा. मैदानी स्पर्धेच्या नियमाप्रमाणे हा खड्डा निदान पावणेतीन मीटर रुंद असतो. तेवढ्या रेतीत एक खिळा डोळ्यांना दिसत नाही. तो बहुधा पहिल्यांदा पायालाच सापडतो.

सरांची किंवा बाईंची परवानगी घ्या. खड्ड्यावर सुतळी बांधून एकेक मीटरचे चौकोन पाडा. प्रत्येकाला नाव द्या: अ१, अ२, ब१, ब२. एक चौकोन १५ सेंटिमीटर खोलीपर्यंत तपासायचा तर दीडशे लिटर रेती होते. आपल्या झाऱ्यात एका वेळी सुमारे अर्धा लिटर मावते, म्हणजे तीनशे झारे! घाबरू नका. आधी उडी जिथे पडते, तेवढेच चार चौकोन घ्या. ते झाले १२०० झारे. बारा जण असाल आणि प्रत्येकाकडे झारा असेल, तर माणशी शंभर. मिनिटाला चार झारे धरले तर पंचवीस मिनिटांत काम फत्ते.

रेती कोरडी हवी. ओल्या रेतीच्या कणांमध्ये पाण्याचा पातळ पापुद्रा असतो आणि तो त्यांना एकमेकांना चिकटवून ठेवतो. तेव्हा पावसानंतर चार दिवस कडक ऊन पडू द्या. हात घालून रेती उकरायची नाही, झाराच खुपसायचा. पायांत बूट, हातांत मोजे.

आणि गळून पडलेली रेती? मघाचा खिळा आठवतो ना? झाऱ्यातून सुटलेले खिळे त्या रेतीतच असणार! म्हणून रेती थेट खड्ड्यात टाकू नका, बाजूला पोत्यावर पातळ पसरा. रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातून जुन्या स्पीकरचा चुंबक मागून आणा, तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला आणि रेतीवरून सावकाश फिरवा. खिळे पिशवीला चिकटतील. पिशवी उलटी करून चुंबक काढून घेतला की खिळे आपोआप सुटतात. काळी बारीक पूडही चिकटेल. ती बहुधा मॅग्नेटाइट नावाच्या लोहखनिजाची असते, दगडांतून सुटून नदीबरोबर आलेली. एकदा खिशातली नाणीही लावून पाहा. २०११ पासूनची एक आणि दोन रुपयांची पोलादी नाणी चुंबकाला चिकटतात. पितळी रंगाचं पाचचं नाणं चिकटत नाही.

काचेला मात्र चुंबक ओळखत नाही आणि काचेची बारीक किरच आपल्या भोकातून निघून जाते. खड्ड्यात काच फुटली असेल, तर झाऱ्यावर भरवसा ठेवू नका. सरांना सांगून तेवढी रेती काढून टाकायला लावा आणि नवी भरून घ्या. आपल्या हत्याराला काय जमत नाही, हे ठाऊक असणं हेही कसबच आहे.

वहीत लिहा

कुठल्या चौकोनात काय सापडलं, ते लिहून ठेवा. 'खिळे ११' एवढं पुरेसं नाही. 'ब२ मध्ये खिळे ९, बाकी सगळीकडे मिळून २' असं लिहिलंत, तर लगेच प्रश्न पडेल, की ब२ मध्येच का? कदाचित मांडवाचा खांब तिथे असेल. मग पुढच्या वर्षी मांडव थोडा सरकवता येईल. खिळे वेचण्यापेक्षा ते बरं, नाही का?

जमिनीतला इतिहास शोधणारे पुरातत्त्वज्ञ असेच चौकोन आखतात, माती चाळतात आणि प्रत्येक वस्तूची जागा नोंदवतात. नागपूर जिल्ह्यातच पेंच नदीकाठी नाईकुंड गाव आहे. तिथे १९७८ ते १९८० या काळात शां. भा. देव आणि अ. प्र. जामखेडकर यांच्या उत्खननात लोखंड गाळायची भट्टी सापडली, सुमारे २७०० वर्षांपूर्वीची! नुसता लोखंडाचा गोळा कुणी उचलून घरी नेला असता, तर तो भंगारात गेला असता. तो भट्टीशेजारी मिळाला म्हणून त्याला अर्थ आला. यासाठीच जुन्या टेकाडांवर, शिळावर्तुळांत किंवा देवळांच्या आवारात आपला झारा कधीही चालवायचा नाही. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, असा १८७८ सालचा कायदाही आहे. आणि शाळेच्या खड्ड्यात कुणाची अंगठी सापडली, तर ती मुख्याध्यापकांकडे द्यायची. ती हरवल्यामुळे घरी बोलणी खाल्लेलं कुणीतरी वाट पाहत असेल.

भोकाच्याही पलीकडे

भोकानं जाडी निवडली. चुंबकानं लोखंड निवडलं. पण रेतीच्या कणाएवढाच सोन्याचा कण असला तर? चाळणी त्याला अडवत नाही, चुंबक त्याला ओढत नाही. तिथे वजन कामाला येतं. गारगोटीचा कण पाण्याच्या अडीच-पावणेतीनपट जड असतो, तर सोनं एकोणीसपट. थाळीत पाणी घेऊन रेती गोल गोल फिरवली, की हलकी रेती काठावरून वाहून जाते आणि सोनं तळाशी बसतं. मध्य भारतातल्या नद्यांत हे काम पिढ्यान्‌पिढ्या करणारे सोनझारी लोक आहेत. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ सालच्या ग्रंथात त्यांच्यावर स्वतंत्र टिपण आहे. सोनारांच्या दुकानांतली धूळ आणि राख धुऊन सोन्याचा कण काढणाऱ्यांना तर आपण झारेकरीच म्हणतो. जी धूळ आपण केरात टाकू, तिच्यातून ते कमाई करतात. केवढी नजर आणि केवढा धीर लागत असेल!

पालकांसाठी दोन शब्द : पत्रा कापणं आणि स्क्रू बसवणं ही कामं आपण करावीत, ठोकाठोकी मुलांना करू द्यावी. एखादं भोक वाकडं पडलं तर पडू द्या. उडीच्या खड्ड्यात रात्री कुत्री-मांजरं येतात, म्हणून काम झाल्यावर साबणानं हात धुतलेत ना, ते पाहा. कुणाला खिळा लागलाच, तर जखम धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या आणि धनुर्वाताच्या लशीबद्दल विचारा.

आता तुमच्यासाठी या आठवड्याचा अभ्यास. घरातली भोकं असलेली सगळी हत्यारं गोळा करा: पिठाची चाळणी, चहाची गाळणी, रव्याची चाळणी, बुंदीचा झारा, भाजी निथळायची जाळी. प्रत्येकीचं भोक पट्टीनं मोजा. फार बारीक असेल तर एका सेंटिमीटरात किती भोकं येतात, ते मोजा. वहीत तीन रकाने आखा: भोक केवढं, खाली काय जातं, वर काय राहतं. तिसरा रकाना भरून झाला की आईला विचारा, यातली कुठली चाळणी कशासाठी आणि ती तिनं कशी निवडली. आई काय सांगते तेही लिहून घ्या. चौथा रकाना त्याच्यासाठी ठेवा.